दोन चाकं हवेत, दोन जमिनीवर, तरी गाडी जागेवर: ऑल-व्हील-ड्राइव्ह असं का वागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओघळ पडलेल्या चढावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक गरगर फिरत राहिलं, उरलेली दोन जमिनीवर असूनही ढिम्म, पाच-सहा वेळा एक्सलेटर देऊन सोडला तरी गाडी इंचभर हलली नाही. मग गाडीत बिघाड आहे की ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी रचना) नुसती नावाची? माझ्या मते दोन्ही नाही. ‘देऊन सोडला’ हे तुमचे दोन शब्द आहेत ना, सगळी गोम तिथे आहे. गाडी कामाला लागायच्या आतच तुम्ही पाय काढत होता.

आधी डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा संच, समजून घ्या. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मात्र ते दोन्हीकडे सारखाच देतं. हवेत लटकलेलं चाक फिरवायला जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या जोडीदारालाही तेवढाच, म्हणजे नगण्य, मिळतो. ‘सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे जाते’ असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. त्या चाकाकडे वेग जातो. टॉर्क कुणाकडेच जात नाही, कारण समोर अडथळाच नसेल तर इंजिन जोर लावणार कशावर? इंजिन दुप्पट मोठं असतं तरी तुमची गाडी तिथेच उभी राहिली असती.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही अडचण तीन जागी येऊ शकते: पुढच्या दोन चाकांमध्ये, मागच्या दोन चाकांमध्ये आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये (ॲक्सल म्हणजे चाकांची एक जोडी आणि तिचा आस). कंपन्या बोलतात ते बहुतेक तिसऱ्या जागेबद्दल. १९८०च्या ऑडी क्वाट्रोत तिथे चालकाने हाताने लॉक करायचं डिफरेन्शियल होतं, १९८७पासून त्या जागी टॉर्सन, म्हणजे जोर आपोआप वाटून देणारं डिफरेन्शियल, आलं. काही गाड्यांत सिलिकॉन द्रव भरलेलं व्हिस्कस कपलिंग असायचं. चाकं बरीच घसरून द्रव तापल्यावर ते आवळायचं, म्हणजे प्रतिसाद उशिरा. आजच्या बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये (कारच्या सांगाड्यावरच्या उंच गाड्या) संगणकाने दाबला जाणारा मल्टिप्लेट, म्हणजे अनेक चकत्यांचा, क्लच असतो. हॅल्डेक्स कंपनीचा असा क्लच १९९८च्या सुमारास ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फमध्ये आला, आणि पुढे याच पद्धतीचे क्लच सगळीकडे पसरले.

तुमच्या चढावर हा मधला क्लच आपलं काम करत होता. मागचं चाक फिरत होतं, म्हणजे टॉर्कची वाट मागपर्यंत उघडी होती. पण प्रत्येक ॲक्सलचं एक-एक चाक हवेत, आणि दोन्हीकडची डिफरेन्शियल साधी. अशा वेळी ‘लॉक’चं बटण दाबूनही सुटका होत नाही, कारण क्रॉसओव्हरमधलं ते बटण फक्त मधला क्लच आवळतं.

इथे उपयोगी पडतात ते ब्रेक. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चारही चाकांचा वेग मोजत असतात. एक चाक सुसाट आणि शेजारचं थांबलेलं दिसलं की ट्रॅक्शन कंट्रोल फक्त त्या सुसाट चाकाचा ब्रेक आवळतं. समजा त्या ब्रेकने ५०० न्यूटन-मीटरचा अडथळा उभा केला, तर डिफरेन्शियलच्या त्याच समान वाटपामुळे जमिनीवरच्या चाकालाही साधारण ५०० मिळतात, आणि गाडी सरकते. मात्र इंजिनला दोन्हीकडचे मिळून हजार पुरवावे लागतात आणि त्यातले निम्मे ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. म्हणून वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त एक्सलेटर लागतो, आणि तो काही क्षण स्थिर लागतो.

खालून घर्रघर्र आवाज येतो, कधी पेडल थरथरतं. नवख्या माणसाला वाटतं काहीतरी मोडतंय, आणि तो पाय काढतो. पाय काढला की चाकाचा वेग उतरतो, संगणक समजतो घसरणं संपलं, ब्रेक सुटतो. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही हे पाच-सहा वेळा केलंत. पुढच्या वेळी आवाज येऊ द्या, २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास पाय स्थिर ठेवा आणि तीन-चार सेकंद थांबा. गाडी सरकू लागली तर पाय तसाच राहू द्या. नाहीच हलली तर मात्र सोडा. पेडल तळाला टेकवून काही मिळत नाही, फक्त माती उडते आणि चाकाखालचा खड्डा वाढतो.

डाव्या पायाने हलका ब्रेक धरायची जुनी युक्तीही याच तत्त्वावर चालते. मात्र अनेक नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिनची ताकद कापतात. तुमची कापते का, ते आधी सपाट मोकळ्या जागेवर पाहून घ्या.

ईएससीच्या (गाडी घसरू न देणारी यंत्रणा, ट्रॅक्शन कंट्रोल तिचाच भाग) बटणाबद्दल: ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक लावण्याबरोबर इंजिनची ताकदही कमी करतं. ओल्या डांबरावर हे शहाणपणाचं, पण वाळूत किंवा खोल चिखलात त्यामुळे गाडीची गतीच मरते आणि गाडी रुतते. बऱ्याच गाड्यांत बटण दाबल्यावर इंजिन कापणं बंद होतं आणि ब्रेकचं काम चालू राहतं. काहींत दोन्ही बंद होतात. मॅन्युअलमधलं ते पान आवर्जून वाचा. तुमच्या चढावर ब्रेकची मदत हवीच होती. वाळूत त्याहून मोठा फरक टायरमधली हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवल्याने पडतो (डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरायची).

आता उष्णतेचं. मी एकदा मऊ वाळूत वीसेक मिनिटं हट्टाने जोर लावत राहिलो. इशाऱ्याचा दिवा लागला आणि मागची चाकं फिरायचीच थांबली. मधला क्लच तापला होता आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटला होता. गाडी तेवढ्यापुरती फक्त पुढच्या चाकांची झाली. अर्धा तास थांबल्यावर पूर्ववत झाली. पूर्ण आवळलेला क्लच फारसा तापत नाही, अर्धवट घसरणारा तापतो. म्हणूनच या गाड्यांना दोन नवे आणि दोन झिजलेले टायर घालू नका: घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही पुढचे-मागचे वेग जुळत नाहीत आणि क्लचला विसावा मिळत नाही. शिवाय लो रेंज (फार हळू पण जोरात चालवणारे जादा गिअर) नसते, त्यामुळे उभ्या चढावर गोगलगायीच्या गतीने जाताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर किंवा ड्युअल-क्लचच्या प्लेटाही तापतात. दोन-तीन प्रयत्नांनंतर दहा मिनिटं थांबणं हा माझा आता पक्का नियम आहे.

पुढे-मागे वेगळी मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीने हा प्रश्न सुटेल का, हेही तुम्ही विचारलंय. तिथे प्रतिसाद फार जलद आणि नेमका असतो, तापणारा मधला क्लचही नसतो. पण पुढच्या मोटरची वाया जाणारी ताकद मागे पाठवायला मधे शाफ्टच नाही, आणि प्रत्येक ॲक्सलवर डिफरेन्शियल साधंच असेल तर तिरप्या दोन चाकांचा पेच तसाच राहतो. तिथेही शेवटी ब्रेकच.

त्या चढावर पुन्हा जाल तेव्हा आधी उतरून चालत बघा. गाडीचं पोट उंचवट्यावर टेकत असेल तर कुठलीही ड्राइव्ह उपयोगाची नाही, ती वाट सोडा. ओघळ तिरपा ओलांडला की समोरासमोरच्या कोपऱ्यांतली चाकं उचलली जातात, आणि या गाड्यांचं सस्पेन्शन फार खाली उतरत नाही. बंपर घासत नसेल तिथे ओघळ शक्य तितका सरळ घ्या, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकदम उतरतील आणि एकदम चढतील. तरी अडकलातच तर स्टिअरिंग सरळ ठेवून, रिव्हर्स गिअरमध्ये, ब्रेकवर हलका पाय ठेवत उतरा. उतारावर न्यूट्रल नको, गाडी आडवी वळवणं तर मुळीच नको. मग ज्या खळग्यावर चाक लटकलं होतं त्यात चपटे दगड नीट बसवून भरा, हलणारा एकही ठेवू नका. चार-पाच इंचांची भर पुरते. चाक टेकलं की त्याला अडथळा मिळतो आणि शेजारच्या चाकाला टॉर्क, ब्रेक न तापवता.