प्रश्न तुमचे : बेरजेच्या जागी हॅशची रांग

प्रश्न : कळमना बाजारात अडतीच्या दुकानात मी संगणकावर हिशेब पाहतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमधून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांचा रिपोर्ट काढताना रकमेला टू_चार (आकडा नमुन्याप्रमाणे मजकुरात बदलणारं फंक्शन) लावून 'एफएम९९,९९,९९०.००' असा नमुना दिलाय. एकेक पट्टी नीट दिसते. पण सोयाबीनच्या हंगामात महिन्याच्या बेरजेच्या जागी नुसते हॅश (#) येतात. मोठी रक्कम वर घ्यायला गेलो, तर ९,८०० रुपये १,२५,००० च्या डोक्यावर बसतात. शेठजी विचारतात, पैसे गेले कुठं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : शेठजींना सांगा, पैसे जागेवरच आहेत. नमुन्यातला प्रत्येक ९ किंवा ० म्हणजे एका अंकाचं घर; दशांशचिन्हाच्या डावीकडे अशी सात घरं आहेत. कोटीला आठवं लागतं. ते नसलं की पोस्टग्रेस हॅश छापतो. मला त्याचं हे वागणं आवडतं; पुढचा अंक गाळून बाकीचे छापले असते, तर दिवाळीपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. 'एफएम९९,९९,९९,९९०.००' करा. दशांशाआधीचं शून्य मात्र काढू नका, नाहीतर पन्नास पैसे नुसते '.५०' दिसतील. (इथले आकडे छपाईसाठी देवनागरीत आहेत. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आदेशात, सगळं इंग्रजीतच टाइप करा.)

क्रमाचं दुखणं वेगळं. टू_चारमधून बाहेर पडतो तो मजकूर, आणि मजकुरात ९ हा १ पेक्षा मोठाच. तुम्ही त्या निकालाला मूळ कॉलमचंच नाव दिलं असणार. ऑर्डर बायमध्ये (क्वेरीत क्रम सांगायच्या जागी) नुसतं नाव लिहिलं की पोस्टग्रेस निकालातलं नाव आधी धरतो. टेबलाचं नाव पुढे जोडून मूळ कॉलम सांगा, किंवा निकालाला दुसरं नाव द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. शंभर रुपये हमाली तिघांत सारखी वाटली, तर प्रत्येक पट्टीवर ३३.३३ दिसेल आणि खाली एकूण १००.००. शेतकरी बोटांवर बेरीज करून ९९.९९ सांगेल, आणि त्याचंच बरोबर असेल. टू_चार फक्त दाखवताना आकडा गोल करतो, आत ३३.३३३३ तसाच राहतो. म्हणून पट्टी बनतानाच राउंड करून रक्कम न्यूमेरिक(१४,२) कॉलममध्ये (एकूण चौदा अंक, त्यातले दोन दशांशानंतर) ठेवा आणि उरलेला एक पैसा कुणाच्या पट्टीत घालायचा, हे शेठजींकडून ठरवून घ्या. त्या कॉलमला फ्लोट (आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवू नका. सीएकडे एक्सेलमध्ये पाठवायच्या क्वेरीतून टू_चार काढून टाका. त्यांना बेरजा करायच्या असतात.