जुनं कंट्री ऐकायचंय? आधी रेकॉर्डिंगचं साल बघा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. वडिलांच्या जिम रीव्ह्जच्या कॅसेट ऐकत मोठे झालात, आता त्याच्या मागच्या पिढीचे, अमेरिकेच्या ग्रामीण गाण्याचे म्हणजे कंट्रीचे अस्सल गायक ऐकायचेत, तर कुणापासून सुरुवात करू? मूळ रेकॉर्डिंग कुठे मिळतील? आणि गाण्यांच्या अ‍ॅपवर हँक विल्यम्सचं एकच गाणं दोन ठिकाणी ऐकलं, तर ते दोन वेगळ्या माणसांनी गायल्यासारखं का वाटलं? शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला की बाकीचे निम्मे सुटले.

तुमच्या कानांचा दोष नाही. हँक विल्यम्स 1 जानेवारी 1953 ला गेला, वय अवघं 29. पण त्याची गाणी खपत राहिली, आणि 1960 च्या दशकात त्याच्या कंपनीने जुन्या रेकॉर्डिंगवर व्हायोलिनांचा ताफा चढवून नव्या एलपी काढल्या. आपल्याकडे जुन्या सिनेगीतांना झंकार बीट्स लावून विकायचे ना, तोच प्रकार. आवाज हँकचा, मागचा थाट त्याने आयुष्यात न ऐकलेला. अ‍ॅपवर ही दोन्ही रूपं एकाच नावाखाली शेजारी शेजारी पडलेली असतात.

दुसरी गोम याहून वाईट. 1970-80 च्या सुमारास अनेक जुन्या गायकांनी स्वस्त लेबलांसाठी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांसाठी, आपलीच गाजलेली गाणी पुन्हा गायली. आवाज थकलेला, साथीला कीबोर्ड, आणि कव्हरवर मात्र तरुणपणीचा फोटो. कधीकधी बारीक अक्षरांत ‘री-रेकॉर्डेड’ लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. जॉर्ज जोन्सच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. बुवा स्टारडे, मर्क्युरी, युनायटेड आर्टिस्ट्स, म्युझिकॉर, एपिक अशी लेबलं बदलत गेला आणि जुनी गाणी नव्या मालकासाठी पुन्हा गात गेला. त्यातली काही दुसऱ्यांदा जास्त चांगली झालीत, हेही खरं. पण आपण कोणतं ऐकतोय ते माहीत तरी हवं.

तिसरी म्हणजे नकली स्टिरिओ. मोनो रेकॉर्डिंगचा खर्ज एका कानात, तार दुसऱ्या कानात, वर थोडा घुमारा. 1960 च्या दशकातल्या पुष्कळ एलपी अशा आहेत. सापडली की सरळ पुढे जा.

म्हणून माझी पद्धत अशी: गायकाचं नाव नंतर, आधी सेशनची तारीख आणि लेबल. ती कुठे बघायची? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने ‘डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज’ नावाची फुकट सूची चालवलीये. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या, जमान्यासाठी हिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. गायकाचं नाव टाका. कुठल्या दिवशी, कुठल्या गावात, साथीला कोण, किती टेक झाले, सगळं येतं. बऱ्याच नोंदींना तिथेच ऐकायची सोयही आहे.

उदाहरण म्हणून ब्रिस्टलचं सेशन घेऊ. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं हे गाव. सीमा मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. 1927 च्या जुलैअखेर व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर तिथे आला आणि टोप्यांच्या एका गोदामात त्याने यंत्रं मांडली. मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे, आता हळू गाणाराही चालणार होता. सूचीत कार्टर फॅमिली शोधा. 1 ऑगस्टच्या पहिल्या गाण्याचा मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कंपनीने त्या ध्वनिमुद्रणाला दिलेला क्रमांक, दिसेल बीव्हीई-39750. मग जिमी रॉजर्स शोधा: 4 ऑगस्ट, बीव्हीई-39767 आणि 39768. ‘बी’ म्हणजे दहा इंची तबकडी, ‘व्हीई’ म्हणजे विजेवरचं ध्वनिमुद्रण. कंट्रीचे दोन मूळपुरुष तीन दिवसांच्या अंतराने त्याच खोलीत गाऊन गेले, आणि मधल्या क्रमांकांवर बाकीची मंडळी बसलीत, बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. ते मधले क्रमांकही ऐका. काही भन्नाट आहेत.

आता कुणापासून. कार्टर फॅमिलीपासूनच. ए. पी. कार्टर गाणी जमवायचा, त्याची बायको सारा गायची आणि ऑटोहार्प (बटणं दाबून छेडायचं तंतुवाद्य) वाजवायची, आणि सारा हिची मावसबहीण मेबेल गिटारवर. पहिल्यांदा ऐकताना फक्त मेबेलच्या अंगठ्याकडे लक्ष द्या. जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजते आणि त्याच वेळी बोटं बारीक तारांवर ठेका धरतात. गिटार तोवर साथीचं वाद्य होतं, ते हिच्यामुळे पुढे येऊन बसलं. साराचा आवाज कोरडा, सरळ, बिनकंपाचा. जिम रीव्ह्जनंतर सुरुवातीला रुक्ष वाटेल. आठवडाभर द्या. आणि ए. पी. गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक त्याच्यासोबत असायचा. चाल लक्षात ठेवायचं काम त्याचं. हे नाव तबकड्यांवर कुठे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

जिमी रॉजर्स हा रेल्वेतला ब्रेकमन, म्हणजे डब्यांचे ब्रेक सांभाळणारा, क्षयाने 1933 मध्ये गेला. सहा वर्षांत एकशे दहाच्या आसपास गाणी. 1930 च्या एका गाण्यात त्याच्यामागे लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट आहे, तेव्हा ‘गोऱ्यांचं संगीत’ वगैरे कुणी म्हणालं तर ते ऐकवा. त्याचं योडलिंग, म्हणजे आवाज झटकन वर-खाली उडवत गाणं, आपल्या कानांना परकं वाटणार नाही. किशोरकुमारने योडलिंग उचललं ते भाऊ अनूपकुमारकडच्या तबकड्यांवरून, आणि त्यात रॉजर्सच्या होत्या, असं सांगितलं जातं. कोलंबिया या चित्रपट कंपनीने 1929 मध्ये रॉजर्सवर काढलेली छोटी बोलकी फीत यूट्यूबवर आहे. माणूस चालता-बोलता बघायला मिळतो.

हँककडे परत येतो, कारण त्याचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग मूळ तबकड्यांवर नाहीच, असं माझं ठाम मत आहे. 1951 मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीच्या, डब्ल्यूएसएम रेडिओवर तो सकाळी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा, प्रायोजक ‘मदर्स बेस्ट’ पीठवाले. दौऱ्यावर असला की आधीच सोळा इंची तबकड्यांवर भरून ठेवायचा. पुढे स्टेशनने जागा बदलताना त्या कचऱ्यात निघाल्या आणि तिथल्याच छायाचित्रकाराने, लेस लेव्हरेटने, उचलून वाचवल्या. मग हक्क कुणाचे यावर कोर्टबाजी. हँकच्या वारसांच्या बाजूने निकाल लागला आणि 2008 पासून टाइम-लाइफने त्या प्रसिद्ध केल्या. इथला हँक पिठाची जाहिरात करतो, साथीदारांची फिरकी घेतो आणि भजनं गातो. पुष्कळ गाणी त्याने स्टुडिओत कधी गायलीच नाहीत. आवाज इतका स्वच्छ आहे की ते सकाळचं प्रसारण होतं हे खरं वाटत नाही. अ‍ॅपवर ‘मदर्स बेस्ट’ असं शोधा.

बाकीची नावं भराभर. लेफ्टी फ्रिझेल: शब्द ओढून, वाकवून गाणं याच्याकडून पुढच्या सगळ्यांनी घेतलं, मर्ल हॅगर्डने तर उघडउघड. किटी वेल्स, 1952, बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकटीच्या बळावर पहिल्या क्रमांकावर गेलेली पहिली बाई. वेब पिअर्सचं 1954 चं मोठं गाणं पेडल स्टीलसाठी (आडवी ठेवून वाजवायची, पायाने सूर बदलायची गिटार) ऐका, बड आयझॅक्सने पेडल दाबून सूर सरकवला आणि झाडून सगळ्या स्टीलवाल्यांनी पेडलं बसवून घेतली. लूव्हिन ब्रदर्स आणि स्टॅन्ले ब्रदर्स, दोन भावांनी गळ्यात गळा मिसळून गायलेल्या गाण्यासाठी. बक ओवेन्स आणि हॅगर्ड हे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचे. नॅशव्हिलच्या व्हायोलिनांना कंटाळला असाल तर थेट यांच्याकडे या.

आणि हो, जिम रीव्ह्जला नाक मुरडू नका. वसई, वांद्रे, गोवा इथल्या घरांत नाताळ त्याच्याशिवाय होत नसे, ते काही उगीच नाही. पण त्याचं 1953-54 चं अ‍ॅबट लेबलवरचं काम शोधा. तिथे तो उंच पट्टीत, फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) धडाक्यात, गावच्या जत्रेत गातो तसा गातो. 1957 मध्ये त्याने मायक्रोफोनला ओठ टेकवून हळू गायला सुरुवात केली, आणि तुमच्या वडिलांनी ऐकला तो रीव्ह्ज तिथून पुढचा. 1964 मध्ये विमान अपघातात तो गेला, तरी नव्या साथीसकट त्याची गाणी येतच राहिली. 1981 मध्ये तर त्याचा आणि कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचा आवाज जोडून युगुलगीत काढलं. तोवर पॅट्सीला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

आता ठिकाणं. फुकटात: वर सांगितलेली सूची, लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’, पण त्यात बहुतेक 1925 पर्यंतचा माल आहे, म्हणजे कंट्रीची अगदी पहाट, आणि लोकगीतं जमवणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सची फिरत्या यंत्रावरची रेकॉर्डिंग, जी त्याच्या संस्थेने सतरा हजारांच्या वर ऐकायला ठेवलीत. त्यात व्यावसायिक गायक कमी. ओसरीवर बसून गाणारे शेतकरी, खाणकामगार, चर्चमधले लोक जास्त. इंटरनेट अर्काइव्हवर 78 चा प्रचंड साठा होता, पण 2023 मध्ये मोठ्या कंपन्यांनी खटला भरला, त्यामुळे आज दिसलेली तबकडी उद्या असेलच असं धरून चालू नका. अमेरिकेच्या कायद्याने 1923 ते 1946 च्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचं संरक्षण आहे, म्हणजे ब्रिस्टलच्या 1927 च्या तबकड्या 2028 च्या 1 जानेवारीला मोकळ्या होतील.

पैसे टाकून घ्यायचं तर स्मिथसोनियन फोकवेज, अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचं लोकसंगीताचं लेबल. मोझेस ॲशचा हा जुना संग्रह 1987 मध्ये स्मिथसोनियनने घेतला तो एकही तबकडी बाजारातून काढायची नाही या अटीवर, आणि अट पाळलीये. पुस्तिका त्यांच्या साइटवर फुकट उतरवता येतात, गाणी न घेताही. तिथून रोस्को होलकॉम्ब घ्या. केंटकीतला मजूर, आवाज असा की अंगावर काटा येतो. डॉक बॉग्जही घ्या. 1927 मध्ये थोड्या तबकड्या काढून खाणीत परतला आणि 1963 मध्ये पुन्हा सापडला.

संपूर्ण, सेशनवार, तारखांसकट हवं असेल तर जर्मनीची बेअर फॅमिली ही रेकॉर्ड कंपनी. एकेका गायकाचे जाडजूड डबे, सोबत सचित्र पुस्तक. किंमत बघून पोटात गोळा येतो. परदेशातून मागवलेल्या डब्यावर मला डब्याच्या निम्मी कस्टम ड्युटी आणि हाताळणी भरावी लागली, तेव्हा हिशोब करून मगच मागवा. तितकं परवडत नसेल तर ब्रिटनच्या जेएसपीचे चार-पाच सीडींचे संच बघा. छपाई साधी, पण तबकडीवरून आवाज उतरवण्याचं काम चोख. अनोळखी लेबलांची ‘शंभर सदाबहार गाणी’ घेऊ नका, वर सांगितलेल्या तिन्ही भानगडी तिथेच असतात.

भारतात तबकडी शोधायची तर मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार. जिम रीव्ह्जच्या, कोलकात्याच्या डमडम कारखान्यात छापलेल्या एलपी अजून निघतात, त्यामागचं मात्र क्वचितच. 78 मिळालीच तर एलपीच्या सुईने वाजवू नका, तिला वेगळी जाड सुई लागते.

‘इथे बसून या नादाला लागण्यात अर्थ आहे का’ असंही मनात येईल. ऑस्ट्रेलियात जॉन एडवर्ड्‌स नावाचा एक तरुण होता. अमेरिकेत कधीही पाऊल न टाकता त्याने पत्रापत्री करून या गायकांच्या तबकड्या आणि माहिती जमवली, विस्मृतीत गेलेल्या कलावंतांना शोधून पत्रं लिहिली. 1960 मध्ये मोटार अपघातात 28 व्या वर्षी गेला. संग्रह अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या कामी यावा अशी त्याची इच्छा होती. आधी लॉस एंजेलिसला त्याच्या नावाची संस्था झाली, पुढे तो सगळा ठेवा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेला, आणि आज तिथल्या सदर्न फोकलाइफ कलेक्शनचा पाया तोच आहे. अमेरिकन लोक आपलंच जुनं गाणं शोधायला तिथे जातात.

ताजं काही हवं असेल तर नॅशव्हिलचा रेडिओ कार्यक्रम ‘ग्रँड ओल ऑप्री’ 1925 पासून चालू आहे आणि डब्ल्यूएसएम इंटरनेटवर लागतं. तिथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट, साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. नव्या गायकांचं प्रमाण फार झालंय, पण मध्येच एखादा म्हातारा फिडलवाला येतो. अ‍ॅपवर सापडलेल्या दोन्ही हँकच्या अल्बमांची नावं आणि खालची लेबलची ओळ इथे टाका, कोणता खरा ते सांगतो.