प्रवाशांचे प्रश्न : अकरा तासांची रात्र आणि बिझनेस क्लास

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले आहोत आणि पुढील वर्षी मुलीकडे जाण्यासाठी प्रथमच इतका लांबचा विमानप्रवास करणार आहोत. जाताना दुपारी चार तासांचे पहिले विमान, मग वाटेतल्या विमानतळावर सात तासांचा थांबा आणि त्यानंतर रात्री अकरा तासांचे दुसरे विमान असा क्रम आहे. येताना मोठे विमान दिवसाचे आहे. जाण्यायेण्याची संपूर्ण तिकिटे बिझनेस क्लासची काढणे आम्हांला झेपणारे नाही. थोडा भाग तरी तसा करावा का, आणि केल्यास लाउंज, म्हणजे विमानतळावरचा खास विश्रांतीकक्ष, कुठे वापरता येईल?

उत्तर : जातानाच्या रात्रीच्या अकरा तासांपुरते बिझनेस क्लास घ्यावे आणि उरलेला प्रवास इकॉनॉमीने करावा, असे मी सांगेन. बिझनेस क्लासच्या जाहिरातीत अनेक गोष्टी मांडलेल्या असतात, परंतु साठीनंतरच्या प्रवाशाने पैसे मोजावेत अशी त्यातली गोष्ट एकच, ती म्हणजे पाठ टेकून आडवे होता येणे. केबिनमधली हवा सगळ्यांना सारखीच मिळते. विमान कितीही उंच गेले तरी आतला दाब समुद्रसपाटीपासून सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो आणि हवेतली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खालीच राहते, त्यामुळे घसा कोरडा पडणे आणि थकवा जाणवणे हे विमानाच्या पुढच्या भागातल्या बिझनेस क्लासच्या आसनावरही टळत नाही. झोप मात्र पुढे खरोखर वेगळी लागते.

त्या झोपेचा हिशेब आधी मांडून पाहावा. विमानाने उड्डाण करून स्थिर होईपर्यंत अर्धा तास जातो, जेवण वाढून आवरेपर्यंत दीड ते दोन तास लागतात आणि उतरण्यापूर्वी न्याहारीसाठी दिवे लावले जातात, तेव्हा आणखी दीड तास कमी होतो. म्हणून सात-आठ तासांच्या रात्रीच्या विमानात महागडे आसन घेऊनही जेमतेम चार तास मिळतात, तर अकरा तासांच्या विमानात सात तासांची सलग झोप शक्य असते. तुमचा थांबा सात तासांचा असल्याने लाउंजमध्येच व्यवस्थित जेवून घ्यावे, विमानात बसताच जेवण नको असल्याचे सेवकांना सांगावे आणि न्याहारीसाठी उठवावे की नाही तेही त्याच वेळी स्पष्ट करावे. एवढे केल्याने तास-दीड तास सहज वाचतो. येतानाचे विमान दिवसाचे आहे आणि दिवसा तुम्ही घरीही झोपत नसाल, तर त्या वेळी पलंगाचे पैसे भरण्यात मला अर्थ दिसत नाही. थोडी ऐसपैस जागा हवी असल्यास प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग, पुरेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. तिकिटावर बिझनेस क्लास लिहिलेले असले म्हणजे सपाट पलंग मिळेलच असे नाही. ब्रिटिश एअरवेजने २००० साली या वर्गात पूर्ण सपाट होणारे आसन आणले आणि हळूहळू इतर कंपन्यांनीही ते स्वीकारले, तरीही काही विमानांत अजून जुनी रचना आहे. एका प्रकारात आसन सरळ होते, पण पायांकडे उतरते राहते. अशा आसनावर माणूस झोपेत खाली घसरत राहतो आणि गुडघे व कंबर दुखू लागते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा पाहावा. एका ओळीत १-२-१, म्हणजे दोन्ही खिडक्यांजवळ एकेक आणि मध्ये दोन आसने, अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट वाटेत उतरता येते, आणि तुम्हां दोघांसाठी मधली जोडीची आसने सर्वांत सोयीची ठरतील. २-२-२ अशा मांडणीत खिडकीजवळच्या व्यक्तीला रात्री स्वच्छतागृहात जाण्यासाठी शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, आणि या वयात अंधारात तसे करणे धोक्याचे आहे. पाय ठेवण्याची पोकळीही काही आसनांत फार अरुंद असते. पहिल्या ओळीत ती बहुधा प्रशस्त असते. निघण्याच्या आठवडाभर आधी नकाशा पुन्हा पाहावा, कारण कंपन्या विमान बदलतात आणि त्याबरोबर तुमचे आसनही बदलते.

तिकीट विकणारी कंपनी एक आणि विमान चालवणारी दुसरी, असेही पुष्कळदा होते. आसन, सेवा आणि बहुतेक वेळा लाउंजचे नियम हे विमान चालवणाऱ्या कंपनीचे असतात, तेव्हा ते नाव आधी शोधावे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असणेही आवश्यक आहे, म्हणजे पहिल्याला उशीर झाल्यास पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि सामान थेट शेवटच्या ठिकाणी जाते. निरनिराळ्या वर्गांचे असे एकत्र तिकीट संकेतस्थळावर दिसत नसेल तर कंपनीच्या कार्यालयाला किंवा एजंटाला विचारावे, ते काढून देता येते.

लाउंजच्या बाबतीत तुमचा क्रम अनुकूल आहे. प्रवेश साधारणपणे तुम्ही पुढे जे विमान पकडणार आहात त्याच्या वर्गावर ठरतो. जाताना सात तासांचा थांबा बिझनेस क्लासच्या विमानाआधीच येतो, म्हणजे गरज असेल तिथेच लाउंज मिळेल. पहिल्या विमानतळावर मात्र तो मिळेलच असे धरून चालू नये. फर्स्ट क्लासचा लाउंज वेगळा असतो आणि बिझनेसच्या तिकिटावर तिथे प्रवेश नसतो. याशिवाय भाड्याची अटही वाचावी लागेल. २०१९ मध्ये एमिरेट्सने आणि २०२० मध्ये कतार एअरवेजने बिझनेस क्लासचे असे स्वस्त भाडे आणले की ज्यात लाउंज समाविष्ट नव्हता, आणि नंतर इतरांनीही तोच मार्ग धरला. तुमच्यासाठी सात तासांचा थांबा असताना असे भाडे घेणे चुकीचे ठरेल. विमानतळावर किंवा आधी बोली लावून मिळवलेल्या अपग्रेडबाबतही, म्हणजे वरच्या वर्गातल्या बदलीबाबतही, लाउंज मिळतो की नाही हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

लाउंजमध्ये शिरताच अंघोळीसाठी नाव नोंदवावे, कारण रात्रीच्या विमानांच्या वेळी त्यासाठी तासभर थांबावे लागते. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. अनेक लाउंजमध्ये विमान सुटण्याच्या घोषणा होत नाहीत. एका परतीच्या प्रवासात मी आरामखुर्चीत डोळे मिटले आणि जाग आली तेव्हा दूरच्या गेटकडे धावावे लागले. दार बंद होण्यास काही मिनिटेच उरली होती. तेव्हापासून मी मोबाइलवर गजर लावल्याशिवाय तिथे बसत नाही. गेट बदलते, म्हणून पडद्यावर अधूनमधून नजर टाकावी, आणि दुसऱ्या टर्मिनलला जायचे असेल तर एक तास राखून निघावे.

प्रश्न : यजमानांना कार्यालयाकडून बिझनेस क्लासचे तिकीट मिळते, माझे इकॉनॉमीचे असते. ते मला लाउंजमध्ये नेऊ शकतील का?

उत्तर : केवळ तिकिटाच्या बळावर बहुधा नाही. बिझनेस क्लासचे तिकीट ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच प्रवेश देते. वारंवार प्रवास केल्याने मिळणारा दर्जा वेगळा. यजमानांकडे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचे गोल्ड किंवा वनवर्ल्ड या तशाच दुसऱ्या गटाचे सफायर कार्ड असेल तर त्यांना एक पाहुणा नेता येतो, आणि तेव्हा तुमचे तिकीट इकॉनॉमीचे असल्याने बिघडत नाही. तसे कार्ड नसल्यास पैसे भरून किंवा क्रेडिट कार्डावर प्रवेश देणारा स्वतंत्र लाउंज पाहावा. अशा ठिकाणी राहण्याची मर्यादा बहुधा तीन तासांची असते आणि गर्दीच्या वेळी दारातूनच परत पाठवले जाते, म्हणून शक्य तिथे आगाऊ नोंदणी करावी.

प्रश्न : सपाट आसनावर झोपल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका उरत नाही, हे खरे का?

उत्तर : नाही. या विकाराला बोलीभाषेत इकॉनॉमी क्लासचे दुखणे म्हटले गेल्याने हा समज पसरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास धोका सुमारे दुप्पट होतो, आणि विमानच नव्हे तर रेल्वे, बस व मोटार यांनाही ते लागू आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत तो सुमारे सहा हजारांत एक इतका कमी असतो. धोका हालचाल थांबल्याने येतो, म्हणून जागेपणी दर तासाला पोटऱ्या ताणाव्यात, घोटे फिरवावेत आणि वाटेत एक फेरी मारावी. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील, तर दाब देणारे मोजे किंवा औषध घ्यावे का हे तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारावे, कारण मोजे मापाचे नसल्यास त्यांचा त्रासच होतो.