चेकच्या पाठीवरची सही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘काका, तेलवाली कंपनी रीलसाठी पैसे देतेय. एन्डॉर्समेंट म्हणजे नुसतं चांगलं बोलायचं ना?’ मी तेव्हा भाजी निवडत होतो, काहीतरी हं-हं केलं. पण बँकेत तीसएक वर्षं मी हाच शब्द चेकच्या मागच्या बाजूला बघत आलोय. तुझं ते ‘नुसतं’ मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

शब्द मुळात पाठीचा. लॅटिनमध्ये ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ. कागदाच्या पाठीवर लिहिलं ते एन्डॉर्समेंट. कायद्याच्या मराठीत त्याला पृष्ठांकन म्हणतात, आणि ते वाचून नवा कारकून हमखास पानांवर आकडे टाकायला घेतो. इथलं पृष्ठ म्हणजे पान नव्हे, पाठ. आपला ‘पाठिंबा’सुद्धा त्याच पाठीचा.

आता समज, तुझ्या नावाचा ऑर्डर चेक आहे, म्हणजे पैसे तुला किंवा तू सांगशील त्याला द्यायचे असा, आणि वर दोन तिरक्या रेघा मारून क्रॉस केलेला नाही. मागे ‘अमक्यांना द्यावेत’ असं लिहून तू सही केलीस की पैशांवरचा हक्क त्यांच्याकडे गेला. हे पूर्ण पृष्ठांकन. कोणाचंच नाव न घालता नुसती सही ठोकलीस तर ते कोरं, आणि मग तो चेक काउंटरवर जो आणेल त्याचा. आमच्याकडे एक कापडवाले शेठ यायचे. घरूनच मागे सही करून चेक खिशात टाकायची त्यांना सवय. एकदा बाजारात चेक पडला. धापा टाकत आले, ‘साहेब, पेमेंट थांबवा!’ मला थांबवता येईना. चेक ज्याने लिहिलाय त्यानेच कळवायला हवं, मागे सही करणाऱ्याच्या हातात ते नसतं. त्या पार्टीला शोधून पत्र आणेपर्यंत शेठ आमच्या बाकावर बसून होते, चहासुद्धा घेतला नाही. सुदैवाने तो चेक कोणी आणलाच नाही.

(बेअरर चेकच्या, म्हणजे जो आणेल त्याला पैसे द्यायच्या चेकच्या, मागे कॅशियर जी सही घेतो ती मात्र एन्डॉर्समेंट नव्हे. ती पैसे मिळाल्याची पोच. अर्ध्या गावाला हा फरक माहीत नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही.)

खरी मेख पुढे आहे. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 35 प्रमाणे मागे सही करणारा नुसता मधला हमाल नसतो. चेक पुढे वटला नाही आणि तशी रीतसर नोटीस तुला आली, तर तुझ्यानंतरच्या धारकाचं नुकसान तू भरून द्यायचंस. ‘मी लिहिलेला चेक नव्हता’ म्हणून हात झटकता येत नाहीत. सुटायची एक वाट कलम 52 मध्ये आहे: सहीसोबतच ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असं स्पष्ट लिहायचं. पण असं लिहिलेला चेक समोरचा आनंदाने घेईल का, तूच विचार कर.

हल्ली हे सगळं फारसं दिसत नाही. बहुतेक चेक अकाउंट पेयी असतात, ते दुसऱ्याच्या खात्यात जातच नाहीत. फक्त पतसंस्थेच्या सभासदाचा 50,000 रुपयांपर्यंतचा असा चेक पतसंस्थेच्या खात्यात घ्यायची सवलत रिझर्व्ह बँकेने ठेवली.

बाकी ठिकाणी हा शब्द बराच निरुपद्रवी आहे. विम्याच्या पॉलिसीत पत्ता बदलला, गाडीचा नंबर दुरुस्त केला, की कंपनी एक कागद जोडते, तेही एन्डॉर्समेंट. कर्जाच्या गाडीच्या आरसीवर बँकेचं नाव चढतं, तेही. आपण त्याला बोजा म्हणतो. तो कर्ज फिटल्यावर आपोआप उतरत नाही. मी स्वतः बँकवाला, तरी माझ्या स्कूटरवरचा बोजा वर्षानुवर्षं तसाच राहिला. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने आरसी बघून परत दिली. मग बँकेचं ना-हरकत पत्र, फॉर्म 35, आरटीओच्या खेपा. काकू अजून ऐकवते. आणि निवेदनावर साहेबांचा ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मिळाला म्हणून पेढे वाटणारे लोक तू पाहिलेच असशील. त्या शेऱ्यात साहेब कशालाच बांधलेले नसतात.

तुझं तेल मात्र चेकच्या जातीचं आहे, शेऱ्याच्या नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एन्डॉर्समेंटची व्याख्याच दिली आहे: तुझं बोलणं, वापरून दाखवणं, नाव, चेहरा, सही, ज्यावरून बघणाऱ्याला वाटेल की हे तुझं मत किंवा तुझा अनुभव आहे. जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी निघाली तर कंपनीबरोबर तुलाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलंस तर 50 लाखांपर्यंत. वर एक वर्षापर्यंत कशाचंच एन्डॉर्समेंट करायला मनाई, पुढच्या खेपेला तीन वर्षांपर्यंत. सुटका आहे, पण दावा खरा आहे का याची तू आधी नीट खातरजमा केलेली असेल तरच. आणि पैसे घेतलेत हे लपवायचं नाही. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने तुझ्यासारख्यांसाठी सूचना काढल्या: जाहिरात आहे हे खुद्द व्हिडिओत सांगायचं, खाली हॅशटॅगांच्या गर्दीत ढकलून चालणार नाही.

म्हणून कंपनीला आधी विचार, ‘पंधरा दिवसांत केस गळणं बंद’ हे कोणी, किती जणांवर तपासलं? कागद मागव. त्यांनी ‘मॅडम, सगळेच असं म्हणतात’ असं उत्तर दिलं, तर ते वाक्य तुझ्या तोंडी घालू देऊ नकोस. ‘तेल चिकट नाही, वास बरा आहे’ हे तुला खरंच वाटत असेल तर तेवढंच म्हण. मानधन कमी होईल बहुतेक.

रविवारी येशील तेव्हा करार आण आणि तेलाची बाटलीही. काकू म्हणते, प्रयोग तिच्या केसांवर नको, माझ्या टकलावर करा.

तुझा,
काका