दादांच्या पायांची आग आणि रस्त्यालगतचे वीस गुंठे

जिंतूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: वडिलांना (घरात सगळे दादा म्हणतात) पंधरा वर्षांपासून साखर आहे. दोन वर्षांपासून तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्र रात्र झोप नाही. पुण्यातल्या एका क्लिनिकने स्टेम सेलची (मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं सांगितली आहेत, खर्च ४ लाख २० हजार. अडीच लाखांची एफडी मोडून उरलेल्या रकमेसाठी रस्त्यालगतचे वीस गुंठे भावकीत विकायचा विचार आहे. इसार घेऊ का?

इसार घेऊ नका. क्लिनिकला आगाऊ रक्कमही देऊ नका.

हे सांगताना दादांचं दुखणं मी कमी लेखत नाही. नसांची आग बाहेरून दिसत नाही, म्हणून घरातही ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून दिली जाते. तुम्ही ती मनावर घेतली, जमीन विकायला तयार झालात, यातच सगळं आलं. पण नेमक्या अशाच मुलाकडे असे क्लिनिकवाले पैसे मागतात.

आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार स्टेम सेलचा नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही आजारांतल्या प्रत्यारोपणापुरताच आहे. बाकी सगळं, नसांचं दुखणंसुद्धा, अजून प्रयोगात मोडतं. ‘पेशी तुमच्याच चरबीतून काढतो’ असं सांगितलं तरी त्यात फरक पडत नाही. प्रयोग असेल तर त्याची सीटीआरआय या रुग्णांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद हवी, आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून क्लिनिकला एवढंच विचारा: नोंदणी क्रमांक द्या, आणि प्रयोग असेल तर ४ लाख २० हजार कशाचे? फोनवरचं उत्तर धरू नका, लेखी मागा.

तुम्ही बरं झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ पाठवलेत. ती माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण हे दुखणं कमी-जास्त होत राहतं, आणि एवढा पैसा घातल्यावर काही दिवस बरं वाटतंही. सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ कोणी काढत नाही. शिवाय साखर वाढलेल्या शरीराला सुई टोचताना जंतुसंसर्गाची भीती असते, ती वेगळीच.

विम्यावरही भिस्त ठेवू नका. पॉलिसीत स्टेम सेलचं नाव दिसेल, पण ते रक्ताच्या आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी. सिद्ध न झालेले उपचार वगळण्याचं कलमही बहुतेक पॉलिसींत असतं.

आता हिशेब. अडीच लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला १७,५०० रुपये व्याज, म्हणजे महिन्याला साडेचौदाशेच्या आसपास. दादांच्या गोळ्यांचा मोठा भाग त्यातून निघू शकतो, मुद्दलाला हात न लावता. आणि वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. रस्त्याकडेची जमीन एकदा गेली की त्या भावात परत मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, सोयाबीन हाताला लागत नाही, तेव्हा सावकाराच्या दारात न जाता तग धरायला हीच जमीन आणि हीच एफडी असते.

मग दादांसाठी काय? तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली नाही: नसांची तपासणी झाली आहे का? आधी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात. तेच कारण निघालं तर उपचार अगदी स्वस्त आहे. नसांच्या वेदनेवर प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं डॉक्टर देतात, ती जनऔषधी केंद्रात कमी दरात मिळतात का बघा. पहिल्या गोळीने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात, त्याला काही आठवडे द्यावे लागतात. दादांना शेतात अनवाणी जाऊ देऊ नका, रोज रात्री तळवे बघा. बधिर पायाला जखम कळत नाही.

या सगळ्यासाठी एफडीतले वीस-पंचवीस हजार लागले तर बिनधास्त लावा. एफडी मोडायचीही गरज नाही. तिच्यावर बँक कर्ज देते, व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. पीक आलं की फेडून टाका.

भावकीतल्या त्या गृहस्थांना मात्र आजच निरोप द्या, जमीन विकायची नाही म्हणून. उद्यावर टाकलंत तर ते इसाराचे पैसे घेऊन दारात येतील, आणि दादा तेव्हा कण्हत असतील.