पोदेराची पिशवी

"नऊ महिने झाले. घर आहे, नवरा चांगला आहे, सासूबाई जीव लावतात. तरी मी इथं पाहुणीच. माझ्यातच काही कमी आहे का?"

आनानं (नाव आणि काही तपशील बदललेत) हे इंग्रजीत विचारलं. पण समुपदेशक म्हणून हाच प्रश्न मी मराठीतही कितीदा ऐकलाय, लग्नामुळे किंवा बदलीमुळे गोव्यात आलेल्यांकडून. आना ब्राझीलची, बेलो होरिझोन्ते शहरातली. नवरा समीर मूळचा फोंड्याचा, घरची भाषा मराठी. दोघं ताळगावात फ्लॅटमध्ये राहतात.

ब्राझील म्हणजे पोर्तुगीज, म्हणजे गोवा हिचं अर्धं माहेरच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. जो तो तिला फोंताइन्हास, म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, दाखवायला नेई, नाहीतर बीचवर. "आमच्या गावाला समुद्रच नाही!" ती वैतागली होती. चावी, बटाटा, पाव हे शब्द कानावर पडले की तिला आपलं कुणी भेटल्यासारखं वाटे, आणि पुढचं वाक्य डोक्यावरून जाई. अशा वेळी आणखीच एकटं वाटतं, म्हणाली.

मला ते पटकन कळलं. मी सांगलीची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात इथला दुकानदार म्हणाला, "मागीर यो." मी मुकाट्यानं दुकानाच्या मागच्या दारी जाऊन उभी राहिले. कोकणीत मागीर म्हणजे 'नंतर'. दुपारी एकला शटर ओढून चारला उघडणारं दुकान ते! माझी सासू अजून पाहुण्यांना हे सांगते.

झोप, भूक, रडू येणं, जगणं नकोसं होणं, हे सगळं आधी विचारून घेतलं. जगणं नकोसं वाटत असतं तर लगेच, आणि बाकीची लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली असती तरी, मी तिला बांबोळीच्या मनोरुग्णालयात डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट.) तसं काही नव्हतं. 'नऊ महिने' हे मात्र मनात राहिलं. लिसगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांची पाहणी मांडली. त्यात सहा महिन्यांच्या आत परतलेले खुशीत होते, दीड वर्षाच्या वर राहिलेलेही. सर्वांत कासावीस होते ते मधले. हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही, पुढच्या अभ्यासांनी त्यावर बरेच आक्षेप घेतलेत. तरी मी आनाला तो सांगितला. नव्याची नवलाई संपते आणि रोजचं सुरू होतं, तो काळ अवघडच असतो. तिचे खांदे जरा सैलावले.

मग मी पहिला सल्ला दिला आणि तो सपशेल चुकला. कोकणीच्या वर्गाला जा म्हटलं. गेली, तीन आठवड्यांत सोडला. शिकलेलं बोलायचं कुणाशी?

म्हणून पुढच्या भेटीत विचारलं, "काल दिवसभरात तू एकटीनं कुठलं काम केलंस?"

ती बराच वेळ गप्प होती.

गॅस समीरच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या फोनवर. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यानं १४ दिवसांत नोंदणी करायची असते. तो अर्जही त्यानंच ऑनलाइन भरला, ओटीपीसकट. मासळी सासूबाई फोंड्याहून साफ करून पाठवत. आणि पाव? "खाली गेटला पिशवी टांगलेली असते. पोदेर (पाववाला) त्यात टाकतो. पैसे महिन्याला समीर देतो."

सायकलचा पों-पों हॉर्न ती नऊ महिने तिसऱ्या मजल्यावरून ऐकत होती. माणूस पाहिला नव्हता.

"पिशवी काढ," मी म्हटलं. "खाली जाऊन उभी राहा."

समीरला ते आवडलं नाही. "मॅडम, तिला त्रास नको म्हणून तर मी सगळं बघतो." खरंच चांगला मुलगा. त्याला म्हटलं, "पाहुण्यालाच आपण काही करू देत नाही, समीर." तो हसला नाही, पण संध्याकाळी पिशवी निघाली.

पहिल्या आठवड्यात तिनं नुसतं बोट दाखवलं आणि सहा उंडे (गोल पाव) घेऊन आली. हवे होते दोन. घरी दोन दिवस तेच खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात तिला पोई (कोंड्याचा पाव) आवडते हे पोदेराला कळलं, तो एक बाजूला काढून ठेवू लागला. एकदा सुट्टे नव्हते, तर त्यानं हातानंच 'राहू दे' केलं. "आपण कुणाचं तरी देणं लागतो!" हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढे ती पणजी-फोंडा बसनं एकटी सासरी गेली, एक स्टॉप आधी उतरली आणि उन्हात चालत पोचली. सासूबाईंनी समीरला फोन करून झापलं, तिला एकटी पाठवलीसच कशी म्हणून. आनाला ते झापणंही आवडलं.

घरची आठवण अजून छळत होती तिला. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल झाला की संध्याकाळ जडच जायची. त्याला माझ्याकडे उपाय नव्हता, तसं मी सांगितलंही.

सहाव्या भेटीला ती दारातूनच बोलत आली. आदल्या संध्याकाळी पोदेर तिला जाता जाता म्हणाला होता, "फाल्यां येवचो ना." उद्या येणार नाही. समीरला न विचारता तिला कळलं. सकाळी खाली दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी, तळमजल्यावरचे आजोबा, दोन शाळकरी पोरं, सगळे हॉर्नची वाट बघत उभे.

आना जिन्यातूनच ओरडली, "आज पोदेर येवचो ना!"

मावशींनी वर बघून विचारलं, "तुका कोणे सांगलें?"

"ताणेंच," आना म्हणाली. त्यानंच.