बोया कधी सोडायचा?

प्रश्न : हतनूरच्या जलाशयात आमचं शोध-बचाव पथक पाण्याखाली बुडी मारण्याचा सराव करतं. वर मासेमारीच्या होड्या असतात. बोया (खाली माणूस आहे हे वरच्यांना दाखवणारा, दोरीला बांधलेला हवेचा तरंगता फुगा) शेवटी, वर येताना सोडला तर चालेल ना?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : गढूळ पाण्यात नाही चालणार. होडीवाल्याला बुडबुडे दिसत नाहीत; तिथे बोया सुरुवातीपासूनच सोबत ओढावा. नितळ पाण्यात, वर येताना ५ मीटर खोलीवर थोडं थांबतात त्या थांब्यावरून सोडता येतो. आधी वर बघा, मग थोडीच हवा भरा. १० मीटरवर भरलेली हवा वर पोहोचेपर्यंत दुप्पट फुगते. बोयाच्या दोरीचं रीळ हातात धरा, जॅकेटला अडकवू नका. दोरी गुंतली की बोया माणसालाच वर खेचतो, अशा वेळी श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. दोरी ताणलेली ठेवा. सैल पडली की बोया आडवा होतो, लांबून दिसत नाही. जाळं कापायला सुरी हवीच. आणि नावाड्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हे काय तरंगतंय म्हणून तेच जवळ यायचे!